‘प्रॉक्सी बसवला की सगळं दिसतं’? थांबा जरा

उद्यमनगरचा पाना:
काल ‘वितळलेलं लोखंड’ यांनी इथं टाकलं, “आमच्या फौंड्रीत प्रॉक्सी बसवला. आता कोण काय उघडतंय, काय टाइप करतंय, सगळं साहेबांना दिसतंय. ते कुलूपबिलूप नुसतं शोभेला.” खाली नेहमीचा ‘नाद खुळा’चा पाऊस. आज सकाळपासून माझ्या गिऱ्हाइकांचे फोन, आम्हालाही तसला पाहिजे म्हणून. तेव्हा जरा लांबण लावतो, ज्याला वाचायचं त्यानं वाचा.

प्रॉक्सी म्हणजे ऑफिसची मशीन आणि इंटरनेट यांच्या मधे बसणारा डबा. साधं एचटीटीपी असेल, म्हणजे कुलूप नसलेली साइट, तर ब्राउझर प्रॉक्सीला अख्खा पत्ता सांगतो, पार पानाच्या नावासकट. कुकी (लॉगिनची खूण), फॉर्ममध्ये भरलेलं, सगळं उघड्यावर. प्रॉक्सी स्वतः सर्व्हरकडं जातो, पान आणतो, वाचतो, साठवतो, मनात आलं तर बदलतोसुद्धा. एचटीटीपीएसला, म्हणजे कुलूपवाल्या साइटला, हा कारभार चालत नाही. तिथं ब्राउझर एवढंच म्हणतो, ‘कनेक्ट, अमुक होस्ट, पोर्ट ४४३’. प्रॉक्सी तिथवर टीसीपीचा जोड लावून देतो, ‘२००’ असं उत्तर देतो आणि पुढं नुसते बाइट इकडचे तिकडं ढकलत बसतो. टीएलएसच्या, म्हणजे त्या कुलपाच्या, किल्ल्या ठरतात त्या ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात. स्क्विड ह्या प्रॉक्सीच्या सॉफ्टवेअरचा लॉग काढून बघा: टीसीपी टनेल, होस्टचं नाव, किती बाइट, किती वेळ. संपलं. एसटीनं पार्सल धाडलं तर कंडक्टरला नाव आणि वजन कळतं, आत खर्डा आहे का खाजा ते कळत नाही. कुणी यूट्यूब उघडलं हे दिसेल, कुठला व्हिडिओ लावला ते दिसणार नाही.

‘सगळं दिसतंय’ म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की दिसावं म्हणून काय केलं.

वितळलेलं लोखंड:
सांगतो की. लपवायचं काय त्यात? एसएसएल बंप, म्हणजे मधेच कुलूप उघडणं, चालू आहे. आमच्या सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्याचं, हिशेबवाल्या सीएचं नव्हे) रूट सर्टिफिकेट विंडोजच्या ग्रुप पॉलिसीनं ऑफिसच्या सगळ्या मशीनवर टाकलंय. ब्राउझरला वाटतं आपण साइटशी बोलतोय, बोलतोय तो प्रॉक्सीशी. प्रॉक्सी पुढं साइटशी वेगळं बोलतो. मधे सगळं उघडं. यूट्यूबचा कुठला व्हिडिओ, तेही सांगतो, ये बघायला.

हे कशासाठी केलं तेही ऐक. गिऱ्हाइकाचं कास्टिंगचं ड्रॉइंग आमच्याच एकानं स्वतःच्या ड्राइव्हवर चढवलं. आमचा पॅटर्न तयार व्हायच्या आत तसाच पार्ट दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये ओतला गेला. तुझ्या त्या टनेलच्या लॉगात काय होतं माहिताय? होस्टचं नाव आणि बाइट. ते घेऊन गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवायचं?

उद्यमनगरचा पाना:
भावा, मग लिहायचं होतंस ना ‘सर्टिफिकेट बसवलं’ म्हणून! लोकांनी वाचलं ‘प्रॉक्सी बसवला’. उद्या कोणीतरी नुसतं स्क्विडचं पोर्ट ३१२८ उघडून बसेल आणि लॉगकडं बघत डोकं खाजवेल, मग फोन मलाच.

आणि एक सांग, त्या सीएची प्रायव्हेट की कुठं आहे? त्याच डब्यात ना? डबा कुणी फोडला तर तुमच्या प्रत्येक मशीनला कुठल्याही साइटचं खोटं सर्टिफिकेट खरं वाटणार. २०१५ साली लेनोवोच्या लॅपटॉपवर सुपरफिश हे असंच मधे बसून जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर निघालं, तिथं तर सगळ्या लॅपटॉपात एकच की होती आणि तिचा पासवर्ड बघता बघता फुटला. ब्राउझर पलीकडचं सर्टिफिकेट कसून तपासतो. बंप केलं की ती तपासणी तुमच्या डब्याच्या भरवशावर. असले बरेच डबे ती नीट करत नाहीत म्हणून मार्च २०१७ मध्ये यूएस-सर्ट ह्या अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं रीतसर इशारा दिला होता.

रंकाळ्यावरचा वारा:
इथं की कुठं ठेवली यावर गप्पा, आणि माणसाचं काय? मी जिथं लागलो तिथं पहिल्याच दिवशी म्हणाले, वायफाय पाहिजे तर हे सर्टिफिकेट मोबाइलात टाका. माझ्या मोबाइलात! मी घेतलेल्या! ब्राउझरमधून आईचे रिपोर्ट बघितले तर तेही ह्यांच्या लॉगात. वर गंमत म्हणजे अँड्रॉइड ७ पासून बहुतेक अ‍ॅप आपण टाकलेलं सर्टिफिकेट मानतच नाहीत, त्यामुळं बँकेचं अ‍ॅप उघडायचं बंद. ‘नेटवर्कमध्ये अडचण आहे’ म्हणे. अडचण खुर्चीत बसलेली.

जुना कॅफेवाला:
तुमचं भांडण चालू दे, खरं मूळ दुखणं कुणी बोलंना. प्रॉक्सी काय हेरगिरीला निघालेला व्हय? आम्ही बसवला तो कॅशेसाठी, एकदा आलेली फाइल साठवून पुढच्याला द्यायला. राजारामपुरीत आमचा कॅफे होता, लाइन २५६ केबीपीएसची, त्यात सगळ्या मशीन. एक जुना पेंटियम कोपऱ्यात, त्यावर स्क्विड. बारावीचा निकाल लागला की पोरं दारात गर्दी करून उभी. साइटचं पहिलं पान, चित्रं, बटणं एकदा आली की डिस्कवर. पुढच्या पोराला झटक्यात. आता सगळीकडं कुलूप, कनेक्टच्या आतलं कॅशेला कळंना. तीच फाइल प्रत्येक मशीन स्वतंत्र ओढतंय. बातम्या वाचायला कुलूप कशाला? पंचांग बघायला कुलूप कशाला?

शाहूपुरीची सीए:
कारण मधला माणूस पंचांगातही जाहिरात घुसवतो, काका. एका केबलवाल्याचं नेट होतं आमच्याकडं, साध्या एचटीटीपीच्या पानावर खाली लोनची पट्टी यायची. साइटवाल्याला फोन केला तर तो म्हणे आमच्याकडं असलं काही नाहीच. जुलै २०१८ मध्ये क्रोमनं एचटीटीपीला ‘नॉट सिक्युअर’ म्हणायला सुरुवात केली ती उगीच नाही.

आणि तुमच्या कॅफेची आठवण काढलीत म्हणून विचारते. जीमेलनं एचटीटीपीएस सगळ्यांना आपोआप चालू केलं जानेवारी २०१० मध्ये. फेसबुकनं तर २०१३ पर्यंत वेळ घेतला. तोवर आम्हा पोरींच्या कुकी तुमच्या त्या पेंटियममधूनच जायच्या ना?

जुना कॅफेवाला:
म्हणजे काय म्हणायचंय? आम्ही पोरींचं मेल वाचत बसायचो?

रंकाळ्यावरचा वारा:
काका, त्या कुकी वाचता येत होत्या एवढं तर खरं. २०१० मध्ये फायरशीप हे उघड्या वायफायवर कुकी चोरणारं टूल आलं तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा दुसऱ्याच्या खात्यात शिरायचा. त्यासाठी मालकही व्हावं लागत नव्हतं.

जुना कॅफेवाला:
तू तेव्हा शाळेत असशील, गप बस. लॉग आम्ही हौसेनं ठेवला न्हाई. २०११चे सायबर कॅफेचे नियम वाच. कोण आला, कुठल्या मशीनवर बसला, कुठल्या साइट बघितल्या, प्रॉक्सीचा लॉग, सगळं वर्षभर जपायचं. पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच न्हाई. सुतार बोलवून सगळी कापली, भुसा पार कीबोर्डात. ओळखपत्राची झेरॉक्स घेताना लोक शिव्या घालायचे त्या आम्ही खाल्ल्या. खतावणीसारखी रजिस्टरं भरली, आणि आता ही बाई म्हणतीया कुकी!

शाहूपुरीची सीए:
‘ही बाई’ नको, काका. मी तुमच्यावर आरोप केला नाही. सरकारनं तुम्हाला लॉग ठेवायला लावला हे तुम्हीच सांगताय, म्हणजे वर्षभराचा आमचा इतिहास तुमच्या डिस्कवर पडून होता. तुम्ही सज्जन होतात हे आमचं नशीब. कुलूप ह्यासाठीच लागतं, की मधला सज्जन आहे का हे बघायची पाळी येऊ नये.

जुना कॅफेवाला:
मॅडम म्हणतो, बास? सज्जन म्हणालात ते लिहून ठेवतो. खरं पंचांगाचं उत्तर अजून पटलं न्हाई.

वितळलेलं लोखंड:
कॅफे बंद करा आता. सगळा धागा साडेचार फुटाच्या पार्टिशनवर गेला. वाऱ्या, तुझ्या मोबाइलचं म्हणणं मान्य. आम्ही मोबाइलला हात लावत नाही, त्यांना पाहुण्यांचं वायफाय वेगळं आहे. कंपनीची मशीन मात्र कंपनीची. नेमणूकपत्रात लिहिलंय, सही आहे. तिथं आईचे रिपोर्ट कशाला उघडायचे?

रंकाळ्यावरचा वारा:
सुट्टीचा अर्ज कंपनीच्या मशीनवरून करायचा, पगाराची स्लिप तिथंच, पीएफ तिथंच. आणि दवाखान्याचा निरोप आला की मात्र खिशातला मोबाइल काढून गेटबाहेर जायचं! सही कोण वाचून करतं, भूक लागलेली असते.

शाहूपुरीची सीए:
कंपनीच्या मशीनवरही हे दुखतं. गोकुळ शिरगावच्या एका क्लायंटकडं विवरणपत्र भरायला बसले होते, शेवटची तारीख. सहीच्या डोंगलचं (डिजिटल सही असते ती यूएसबी) जावातलं सॉफ्टवेअर एकच पालुपद धरून: ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’. त्यांच्या पोरानं डोंगल काढून घातला, ड्रायव्हर परत टाकला, मशीन बदललं. मालक माझ्याकडं अशा नजरेनं बघतोय की डोंगल मीच बिघडवला. शेवटी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर केलं आणि एका झटक्यात सही झाली.

उद्यमनगरचा पाना:
ताई, तिथं नक्की बंप होतं. जावा भरवशाच्या सर्टिफिकेटची स्वतःची वेगळी यादी बाळगतं, विंडोजमध्ये टाकलेलं त्याला ठाऊक नसतं. आणि जी साइट लॉगिनलाच डोंगलचं सर्टिफिकेट मागते तिथं तर बंप चालूच शकत नाही. प्रायव्हेट की डोंगलमधून बाहेर येत नाही, मग प्रॉक्सी तुमच्या नावानं सही करणार कुठून?

लोखंडा, तुझ्याकडं असल्या साइट आणि बँका स्प्लाइसमध्ये, म्हणजे न उघडता सोडायच्या यादीत, आहेत का?

वितळलेलं लोखंड:
बँका आहेत. बाकीचं बघायला लागेल. अकाउंट्सवाले महिन्याच्या वीस तारखेला विवरणपत्र भरताना ओरडत असतात, आम्हाला वाटायचं साइटच स्लो.

उद्यमनगरचा पाना:
वाटायचं म्हणे! पहिल्या टप्प्याला पीक कर, नुसतं डोकाव, म्हणजे क्लायंट हॅलोमधून, ब्राउझरच्या पहिल्या निरोपातून, साइटचं नाव कळेल, ते तिथं बहुतेक वेळा उघडंच असतं. यादीत असेल तर स्प्लाइस, न उघडता पुढं सोडायचं. उरलेलंच बंप. बँक, दवाखाने, सहीच्या साइट, पीएफ, सगळं यादीत. आणि यूडीपी ४४३ फायरवॉलला बंद केलंयस का? नसेल आणि प्रॉक्सी ब्राउझरला न सांगता मधे बसवलेला असेल, तर क्रोम क्विकनं (यूडीपीवर चालणारा प्रोटोकॉल) प्रॉक्सीला वळसा घालून निघून जातंय आणि तुझे साहेब रिकामा लॉग बघून खूश.

वितळलेलं लोखंड:
ते बंद आहे. एवढं पण येत नाही असं समजू नकोस. दवाखाने घालतो यादीत, वाऱ्याच्या आईसाठी. ड्राइव्हवाल्या साइट मात्र बंपच राहणार, त्यावर बोलायचं नाही.

उद्यमनगरचा पाना:
ठेव. फक्त कालच्या पोस्टमध्ये ‘सर्टिफिकेट’ हा शब्द घाल, म्हणजे माझा फोन थांबेल.

शाहूपुरीची सीए:
आणि क्लायंटच्या त्या पोराला काय सांगू? त्याला स्प्लाइस म्हटलं तर तो परत डोंगल काढून घालेल.

उद्यमनगरचा पाना:
त्याला म्हणावं सहीच्या साइटचं नाव तपासणीतून वगळ. त्याच्या डब्यात ‘एक्सेप्शन’ असं काहीतरी पान असेल. वीस तारखेच्या आधी करायला लावा, त्या दिवशी मी फोन उचलत नसतो.