जुन्या मर्सिडीजला स्कोडा किंवा ऑडीचे अलॉय बसतील का? पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) तर सेम आहे

जुनी_मर्क
मंडळी जरा सल्ला हवाय. गाडी १९९१ ची मर्सिडीज डब्ल्यू १२४, २३० ई, कंपनीच्याच १५ इंची अलॉयवर आहे, साडेसहा जे (रिमची रुंदी, इंचांत), ईटी ४९ (ऑफसेट, म्हणजे रिमचा हबला टेकणारा पृष्ठभाग मध्यापासून किती मिमी सरकलेला), टायर १९५/६५ आर १५. एक रिम वाकलीये, दोन रिम्सना आतल्या कडेला पांढरा खार एवढा चढलाय की टायर हळूहळू हवा सोडतात, घासून सील लावून झालं, पुन्हा तेच. तसाच ओरिजिनल सेट शोधतोय पण मिळतो तो माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत. आता एकाकडे दोन सेट आहेत. एक स्कोडाचा १६ इंची, ७ जे ईटी ४५. दुसरा ऑडी ए४ चा १७ इंची, ८ जे ईटी ४७, आणि दिसायला हा दुसरा म्हणजे एकदम कडक. विकणारा म्हणतो दोन्ही ५ बाय ११२, मर्सिडीजही ५ बाय ११२, डायरेक्ट बसणार, डोळे झाकून घ्या. घेऊ का?

व्हर्नियर_बाबा
डोळे उघडे ठेवून घ्या. ५ बाय ११२ म्हणजे फक्त एवढंच की पाच भोकं ११२ मिमीच्या वर्तुळावर आहेत. त्यापुढे मधल्या भोकाचं माप, ऑफसेट, रुंदी आणि बोल्ट एवढं सगळं बघायचं राहतं आणि विकणारा नेमकं तेच सांगत नाही.

स्कोडाचा सेट तर विसराच. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ५ बाय ११२ रिम्सचा सेंटर बोअर (मधलं भोक) ५७.१ मिमी आणि तुमच्या गाडीच्या हबचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) मधला गोल ६६.६. म्हणजे रिम हबवर जाणारच नाही, आधीच अडकेल. उलटं असतं, म्हणजे मर्सिडीजची रिम स्कोडाला लावायची असती, तर मधली फट भरायला रिंग मिळते. भोकच लहान असेल तर रिंग काय करणार.

ऑडीचा बोअर नव्या ए४ चा असेल तर जमू शकतो. २००८ च्या आसपास आलेल्या ए४ पासून त्यांनी ५७.१ सोडून ६६.५ घेतलं, त्याआधीच्या ए४ ची रिम असेल तर स्कोडासारखीच गोष्ट. वर्ष विचारू नका, रिम पालथी घाला आणि व्हर्नियर लावा. ६६.५ आणि ६६.६ मध्ये केसाचा फरक आहे, हाताने दाबून बसली तर ठीक, घट्ट लागली म्हणून हातोडा मारून बसवायची नाही, नंतर रस्त्यात पंक्चर झालं की ती उतरवणार कोण.

जुनी_मर्क
बाबा धन्यवाद. पण स्कोडाचा सेट लेथवर टाकून बोअर वाढवून घेतला तर? ९.५ मिमीच तर काढायचंय.

लेथ_आणि_मी
लेथवाला आहे म्हणून बोलतो. काम होतं, आम्ही करतो पण. दोन्ही बाजू मिळून साडेनऊ, म्हणजे एका बाजूने पावणेपाच मिमी धातू जातो. नुसतं अंतर बघितलं तर बोल्टच्या मध्यापासून हबच्या कडेपर्यंत साधारण २२-२३ मिमी उरतात, आणि मर्सिडीजच्या स्वतःच्या रिममध्येही तेवढेच असतात, त्यामुळे "बोअर वाढवला की रिम तुटणार" असं सरसकट नाही म्हणता येत. गोची दुसरीच आहे. रिमच्या मागच्या बाजूला वजन कमी करायला बोल्टांच्या मधे खिसे काढलेले असतात, आणि पुढच्या बाजूला सेंटर कॅपची खाच असते, आता मागून टूल आत गेलं की ही खाच आणि तो खिसा यांच्यामधली भिंत किती जाडीची उरते ते रिम हातात घेतल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. काहींमध्ये भरपूर मटेरियल असतं, काहींमध्ये पापुद्रा. शिवाय कॅप बसायची जागा बऱ्याचदा जातेच.

आणि सर्वात महत्त्वाचं, रिम लेथच्या चकमध्ये (पकडणाऱ्या जबड्यात) कशी धरली. बाहेरच्या कडेवर धरून बोअर काढला आणि ती कड आधीच थोडी वाकडी असेल, सेकंडहँडमध्ये असतेच, तर नवा बोअर बोल्टांच्या वर्तुळाशी एककेंद्री राहत नाही. मग किती का बॅलन्सिंग करा, स्टिअरिंग थरथरणारच. डायल गेज लावून जुन्याच बोअरवरून सेंटर काढणारा माणूस मिळाला तर विचार करा. मी स्वतः घरच्या गाडीला नसतं केलं, दोन टनाच्या आसपास भरलेली गाडी हायवेला पळवायचीये, शोकेसमध्ये ठेवायची नाहीये.

फुल_थ्रॉटल
किती घाबरवता राव. माझ्या मित्राने जुन्या ई क्लासला ऑडीचे १७ इंची लावलेत, गाडी झकास दिसते, काही झालेलं नाही. २२५/४५ आर १७ टाका, उंची जवळपास तंतोतंत मॅच होते, स्पीडोमीटर पण बरोबर राहतो. जास्तच घासलं तर ५ मिमीचा स्पेसर (हब आणि रिमच्या मधे टाकायची चकती).

व्हर्नियर_बाबा
उंचीचं बरोबर आहे तुमचं. १९५/६५ आर १५ चा व्यास ६३४.५ मिमी येतो आणि २२५/४५ आर १७ चा ६३४.३. तिथे वाद नाही.

पण आता रुंदीचा हिशोब करू. साडेसहा जे म्हणजे १६५ मिमी, अर्धं साडेब्याऐंशी. ईटी ४९ म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यापासून ४९ मिमी बाहेर. म्हणजे रिमची आतली कड हबपासून ८२.५ अधिक ४९, साडे१३१ मिमी आत, आणि बाहेरची कड ८२.५ वजा ४९, साडे३३ बाहेर. हेच ८ जे ईटी ४७ ला करा, अर्धं १०१.६, आतली कड १४८.६, बाहेरची ५४.६. सरळ हिशोब, आत १७ मिमी आणि बाहेर २१ मिमी सरकली रिम. पुढच्या चाकाला आत स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा दांडा) आहे, तिथे १७ मिमी सोडायला जागा असते का ते गाडीखाली वाकून बघा. आणि आत घासतंय म्हणून ५ मिमीचा स्पेसर लावलात की बाहेर २१ चे २६ होतात, मग मडगार्डची कड टायर कापायला बसलेलीच आहे. मित्राच्या गाडीचं मला माहीत नाही, रिम कितीची, गाडी खाली केलेली की वर, मागे तीन माणसं बसवून खड्ड्यात घातली का, हे सगळं कळल्याशिवाय "काही झालेलं नाही"ला अर्थ नाही.

आता बोल्ट. डब्ल्यू १२४ चे बोल्ट एम १२ बाय १.५ (जाडी १२ मिमी, आट्यांमधलं अंतर १.५), डोक्याखालचा भाग गोल, त्याची त्रिज्या १२ मिमी. ऑडीच्या रिमची भोकं एम १४ बोल्टांसाठी आणि बैठकीची (बोल्टचं डोकं टेकतं त्या खळगीची) त्रिज्या १३. तुमचे बोल्ट त्यात घातले तर आत जातील, आवळले पण जातील, म्हणून लोक फसतात, पण टेकतात फक्त एका बारीक कडेवर. पान्याला टॉर्क लागतो आणि थोडं चालवलं की ती कड दबते आणि बोल्ट सैल. बाजारातल्या बऱ्याच आफ्टरमार्केट रिम्सना निमुळती बैठक असते, ६० अंशांची, तिथे गोल डोक्याचा बोल्ट तर अजिबातच चालत नाही. ऑडीची रिम लावायचीच असेल तर आटे एम १२ बाय १.५ आणि डोकं १३ त्रिज्येचं असा बोल्ट मागवावा लागेल, मिळतो तो.

मांजरप्रेमी
थोडं विषयांतर, माफ करा. माझी जॅग्वार एक्सजे आहे ९० च्या दशकातली, तिला बीएमडब्ल्यूच्या रिम्स बसतात असं सगळीकडे वाचलं. तिथे पण असंच काही आहे का?

व्हर्नियर_बाबा
त्या काळातल्या एक्सजेचा पीसीडी १२०.६५, म्हणजे पावणेपाच इंच. जुन्या बीएमडब्ल्यूचा १२०. फरक पाऊण मिमीच्या आतला म्हणून रिम चढते, नटही लागतात. पण प्रत्येक नट आपल्या बैठकीत जवळपास एक तृतीयांश मिमी बाजूला बसतो, एका अंगाने दाबतो. लोक वापरतात हे खरंय. मी वापरणार नाही आणि तुम्हीही वापरू नका असंच सांगेन. आणि "बीएमडब्ल्यू म्हणजे १२०" हेही आता धरून चालू नका, २०१५ च्या ७ सिरीजपासून त्यांनीही ११२ धरलंय. त्यामुळे नव्या बीएमच्या रिम्स जुन्या मर्सिडीजला सुचवणारेही भेटतील, बोअर जुळतो पण बैठक निमुळती, बोल्ट परत वेगळे.

गॅरेजवाली_ताई
जुनी_मर्क, एवढी भटकंती कशाला, दुसऱ्या कंपनीच्या दारात जाण्याआधी मर्सिडीजच्याच पुढच्या पिढीचे बघितलेत का? तुमच्यानंतरच्या डब्ल्यू २१० ई क्लासचे १६ इंची, साडेसात जे ईटी ४१. बोअर तोच, बैठक तीच, आटे तेच. बाबांच्याच हिशोबाने आतली कड १३६ च्या आसपास येते म्हणजे जेमतेम ५ मिमी आत, बाहेर मात्र ऑडीसारखीच २१ च्या जवळ, त्यामुळे टायर अरुंदच ठेवा, २०५/५५ आर १६. व्यास ६३२ येतो, अर्धा टक्कासुद्धा फरक नाही. टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आत्ता ९१ असेल तर नवा ९१ च्या खाली नको. त्या गाड्यांचे सेट ढिगाने निघतात कारण लोक मोठ्या रिम्स लावायला ते काढून टाकतात (आणि मग मऊ गाडी कडक झाली म्हणून रडतात, ते सोडा).

बसवून बघायची पद्धत सांगते. पैसे द्यायच्या आधी एक रिम टायरशिवाय मागून आणा. हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, तिथे पापुद्रा राहिला तर चांगली रिमही डुलते. रिम हाताने लावा, दोन बोल्ट हलके लावा आणि फिरवा. ब्रेकच्या कॅलिपरवर पोरांच्या खेळातल्या मातीची गोळी चिकटवा, रिम काढल्यावर चपट्या गोळीची उरलेली जाडी मोजा, तेवढीच तुमची जागा. ३ मिमी तरी हवीच, कमी असेल तर नको. मग टायरसकट पुढचं एक आणि मागचं एक चाक लावून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मागे माणसं बसवून. जॅकवर उचललेल्या गाडीवर "घासत नाही" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, सस्पेन्शन लोंबकळत असताना काहीच घासत नाही.

बोल्ट हाताने किती वेढे जातात ते मोजा. १.५ चे आटे आहेत, आठ वेढे म्हणजे १२ मिमी पकड, तेवढी हवी. आणि कृपया लांब बोल्ट बरा म्हणून टाकू नका. तुमच्या गाडीत हँडब्रेकचे शूज मागच्या डिस्कच्या आतच असतात, लांब बोल्ट हबमधून पलीकडे निघाला तर थेट त्यांच्यात घुसतो. हाताने चाक फिरवताना टकटक आवाज आला तर तेच समजा. आवळायचे ११० न्यूटन मीटरला, बैठकीला ग्रीस नाही, आणि ५०-१०० किमी चालवून परत एकदा टॉर्क रेंच फिरवायचा.

फुल_थ्रॉटल
ताई दिसायला १६ इंची म्हणजे अगदीच काकांची गाडी हो

गॅरेजवाली_ताई
१९९१ ची मर्सिडीज आहे ती, काकांचीच गाडी आहे.

जुनी_मर्क
😂 काका हजर आहेत. अपडेट देतो. ऑडीची एक रिम आणून पाहिली, बोअर ६६.५ च निघाला, हबवर हाताने गेली, पण पुढे स्ट्रट आणि रिमच्या मधे करंगळी पण जात नाही, टायर तर अजून चढलेलाच नव्हता. विकणारा लगेच स्पेसर काढून बसला, नमस्कार केला त्याला. डब्ल्यू २१० चा सेट एकाकडे बघितलाय, सरळ आहेत चारही, एका रिमला फुटपाथला घासल्याची खूण आहे पण ती वरवरची. मातीची गोळी ६ मिमी उरली. माझे आत्ताचे अलॉयचे बोल्ट नऊ वेढे जातात. २०५ चे टायर लावून बघतो मग फायनल. स्टेपनी मात्र जुनीच ठेवणार, लोखंडी १५ इंची, ती चालेल ना?

गॅरेजवाली_ताई
चालेल, व्यासात अडीच मिमीचा फरक, पंक्चरच्या दुकानापर्यंत काही होत नाही. पण लोखंडी रिम पातळ असते, तिला अलॉयचे बोल्ट लावले तर तेच तेवढे आत जास्त जातात, मागच्या चाकाला परत हँडब्रेकचा प्रश्न. तिचे आखूड पाच बोल्ट टूलकिटमध्ये आहेत का ते आजच डिकी उघडून बघा. जुन्या गाड्यांत हमखास हरवलेले असतात.

जुनी_मर्क
बघितलं. चारच आहेत.

लेथ_आणि_मी
पाचवा विकतच घ्या, माझ्याकडून कापून घेऊ नका 😄 आणि घेताना जुन्या चारातला एक सोबत न्या, लांबी डोक्याखालून मोजायची.