मदत हवी आहे: बेन वेडच्या तोंडी ‘तू’ की ‘तुम्ही’?

‘३:१० टू युमा’ या वेस्टर्न सिनेमाची (१९५७) मराठी सबटायटल्स करतोय. हॉटेलच्या खोलीत बेड्या घातलेला दरोडेखोर बेन वेड (ग्लेन फोर्ड) आवाज न चढवता त्याच्यावर पहारा देणाऱ्या गरीब शेतकऱ्याला, डॅनला, फोडू पाहतो. डॅनला या कामाचे २०० डॉलर मिळणार. वेड कितीतरी पट देऊ करतो. इथे ‘तू’ घातलं की ग्लेन फोर्डचा तो मधाळपणा जातो, सरळ गुंड वाटतो. ‘तुम्ही’ ठेवलं तर क्रियापदं लांबतात आणि ४२ अक्षरांच्या दोन ओळींत वाक्य मावत नाही. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायचं तर नेमकं कुठल्या वाक्याला? डॅनने त्याला काय म्हणावं? शिवाय सबटायटल्सची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरांच्या एन्कोडिंगमध्ये) असूनही टीव्हीवर जोडाक्षरं तुटतात. सबटायटल्स चित्रातच पक्की करण्यावाचून दुसरा उपाय आहे का?