अंधारात स्ट्राइप्ड बास गळाला का लागत नाही?

प्रश्न: अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉड कालव्याच्या काठावरून दिवसा स्ट्राइप्ड बास (अंगावर पट्टे असलेले समुद्री मासे) उसळताना दिसतात, परंतु रात्री एकही लागत नाही. माझे काय चुकत असावे?

उत्तर १: आपण कृत्रिम आमिष दिवसाच्याच वेगाने ओढत असाल. रात्री ते अगदी सावकाश ओढावे आणि काळे निवडावे, कारण खालून पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या फिकट उजेडावर काळी आकृतीच ठळक दिसते.

उत्तर २: माझ्या मते रंगापेक्षा प्रवाह महत्त्वाचा; पाणी वाहते असतानाच जावे. डोक्यावरचा दिवा पाण्यावर मारू नये (हे मी उशिरा शिकलो).

उत्तर ३: खरे आमिष लावल्यास वर्तुळाकार गळ (टोक आतल्या बाजूस वळलेला) बंधनकारक आहे. २०२४ च्या नियमानुसार दिवसाला एकच, २८ इंच ते ३१ इंचांहून कमी लांबीचा मासा ठेवता येत असे. शेवाळलेल्या दगडांवर खिळ्यांचे बूट हवेतच.