डेटाबेसच्या ॲडमिनचा पासवर्ड विसरला? तुमचे अनुभव सांगा

सर्व्हर बसवणारा नोकरी सोडून गेलेला आणि रूटचा (म्हणजे मुख्य ॲडमिन खात्याचा) पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही, ही वेळ अनेकांवर आली असेल. तुम्ही कसे सुटलात ते लिहा. आवृत्ती मात्र जरूर सांगा, नाहीतर वाचणारा भलताच उपाय करत बसतो.

मायएसक्यूएल ८.०
जुन्या लेखांतलं ‘पासवर्ड’ फंक्शन यात उरलेलंच नाही. ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ (परवानग्या न तपासण्याचा पर्याय) लावून सर्व्हर चालू केला, तर ‘अल्टर यूझर’ (पासवर्ड बदलण्याची आज्ञा) नाकारलं गेलं. आधी ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ (परवानग्या पुन्हा वाचण्याची आज्ञा) द्यावं लागतं, मग चालतं. या पर्यायात कुणीही बिनपासवर्ड आत येऊ शकतं. ८.० त्यासोबत नेटवर्क आपोआप बंद करतं, ५.७ मध्ये ते आपणच बंद करायचं. मला ‘इनिट-फाइल’चा मार्ग जास्त पटतो. ‘अल्टर यूझर’ची ओळ फाइलीत लिहायची, त्या फाइलीसह सर्व्हर सुरू करायचा आणि नंतर फाइल पुसायची. पासवर्डची तपासणी मध्ये कुठेही थांबत नाही.

उबंटूवाल्यांसाठी
एवढं करण्याआधी ‘सुडो मायएसक्यूएल’ देऊन बघा. तिथे रूटची ओळख बहुधा सॉकेटवरून (त्याच मशीनवरच्या लॉगिनवरून) पटते, पासवर्ड लागतच नाही.

एसक्यूएल सर्व्हर, एका पतसंस्थेत
मार्चअखेर होती आणि ‘एसए’ या मुख्य ॲडमिन खात्याचा पासवर्ड मिळेना. सर्व्हिस ‘-एम’ देऊन एकल-वापरकर्ता स्थितीत सुरू केली की विंडोजच्या ॲडमिनिस्ट्रेटर्स गटातल्याला पूर्ण अधिकार मिळतात. पण जोडणी एकच असते, आणि ती दर वेळी हिशेबाचं सॉफ्टवेअर पटकावायचं! ‘-एम’ला जोडून ‘एसक्यूएलसीएमडी’ (आम्ही आज्ञा देत होतो त्या प्रोग्रॅमचं नाव) लिहिलं, तेव्हा कुठे आम्हाला जागा मिळाली. ‘अल्टर लॉगिन’ दिलं, सर्व्हिस नेहमीसारखी चालू केली आणि कर्मचाऱ्यांचं काम पुन्हा सुरू झालं.

पोस्टग्रेस
‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ची (कोणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या फाइलीची) प्रत काढून ठेवा. फक्त ‘लोकल’च्या (त्याच मशीनवरून येणाऱ्या जोडणीच्या) ओळीत ‘ट्रस्ट’ (बिनपासवर्ड प्रवेश) करा आणि रीलोड करा. रीस्टार्ट नको, चालू जोडण्या तुटतात. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळच लागू होते, म्हणून बदल योग्य ओळीत झालाय ना ते पाहा. नवा पासवर्ड पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या प्रोग्रॅमच्या) ‘\पासवर्ड’ आज्ञेने द्या, म्हणजे तो लॉगमध्ये उघडा पडत नाही. मग मूळ फाइल परत ठेवून पुन्हा रीलोड. हे शेवटचं काम राहिलेले सर्व्हर मी पाहिलेत, आणि त्यांची मला खरंच धास्ती वाटते.

डॉकर
मायएसक्यूएलच्या कंटेनरमध्ये रूट पासवर्डचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून काही होत नाही. तो डेटा फोल्डर रिकामा असताना, पहिल्यांदाच वाचला जातो. कृपया त्यापायी व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा साठवण्याची जागा) पुसू नका, सगळा डेटा जाईल. वरचा ‘इनिट-फाइल’चा मार्ग इथेही चालतो.