बाबांची वॅगन-आर: एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? (उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय)

प्रेषक: मृ. (त्रिमूर्तीनगर, सध्या न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय. बाबांनी जुनी गाडी शेवटी काढून टाकली (कोणती ते काकांना माहीत आहे). वर्धा रोडवर एका डीलरकडे वॅगन-आर पाहिलीय. २०२१ ची, पेट्रोल, एजीएस (गिअर आपोआप बदलणारी), एमएच-४९, ४१,००० किलोमीटर, ४ लाख ९० हजार. आईला चढा-उतरायला सोपी पडते आणि बाबांच्या गुडघ्यामुळे क्लच नकोच होता, त्यामुळे गाडीबद्दल वाद नाही.

अडलंय वॉरंटीवर. दोन वर्षांची, १४,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,११०. डीलर म्हणतो डिलिव्हरीच्या आधी घेतली तरच, नंतर मिळणार नाही. बाबा म्हणतात, "कायले पाहिजे? आपला सक्करदऱ्याचा मिस्त्री आहे ना." मला वाटतं घ्यावी. बाबा ७३ वर्षांचे आहेत. मे महिन्यात भर दुपारी गाडी रस्त्यात बंद पडली तर धावत जायला मी तिथे नाही.

काय करू? उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय, नागपूरच्या संध्याकाळपर्यंत.

मृ.

---

प्रेषक: काका (धरमपेठ)

मृ.,

घेऊ नको. गेल्या वर्षी पाटणकर चौकातल्या गाडीच्या वेळी मी इथेच सगळं लिहिलं होतं, पुन्हा लिहितो.

जुन्या गाडीत जे जाते ते वॉरंटीत नसते. ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, बल्ब, सस्पेन्शनचे बुश, क्लच प्लेट, हे सगळं झिजणाऱ्या वस्तूंत धरतात. एजीएस म्हणजे काही निराळा गिअरबॉक्स नाही. आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच. क्लच दाबायचं अन् गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर करतो. सिग्नलवर गाडी पुढे-मागे सरकवत राहिली की क्लच प्लेट जाते. ती तुझ्या खिशातून. ॲक्च्युएटर गेला तर खर्च मोठा, पण तो यादीत नावानिशी लिहिला आहे का? "ट्रान्समिशन" एवढंच लिहिलं असेल तर ऐन वेळी भांडण होते.

सतरा हजार बँकेत वेगळे ठेव. दोन वर्षं लागले नाही तर तुझेच.

काका

---

प्रेषक: नी. (लक्ष्मीनगर, सध्या डेट्रॉइटजवळ)

काका, आदर ठेवून असहमत.

मृ.चा प्रश्न सतरा हजारांचा नाही. आई-बाबा एकटे आहेत, आणि बिघाड झाला की दुरुस्ती कोणाकडे, किती पैसे, हा माणूस खरं बोलतो की नाही, हे सगळं बाबांच्या डोक्यावर येतं. वॉरंटी असली की गाडी वर्कशॉपला लावायची आणि घरी यायचं.

दुसरं, मिस्त्रीकडे गाडी नेली तर वॉरंटी जाते ही भीती थोडी कमी करा. इथे १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. बाहेर सर्व्हिसिंग केलं एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. भारतातही स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड केला होता, आणि बाहेरच्या मेकॅनिककडे गेलात तर वॉरंटी रद्द अशी सरसकट अट घालू नका असंही त्या आदेशात होतं.

नी.

---

प्रेषक: काका (धरमपेठ)

> त्या आदेशात होतं

नी., तुझा अमेरिकेचा कायदा वर्धा रोडवर चालत नाही. स्पर्धा आयोगाचा आदेश खरा आहे, मी तेव्हा पेपरात वाचला होता, पण तो गाडी बनवणाऱ्या कंपन्यांना होता आणि त्यावर पुढे अपिलं झाली. मृ.ला जो कागद देऊन राहिले तो मारुतीचा आहे की भलत्याच कंपनीचा, हे तिने अजून सांगितलंच नाही. तिसऱ्याच कंपनीचा असेल तर तो करार आहे. त्यात जे छापलं ते खरं.

मृ., आधी हे सांग. वॉरंटी देतो कोण?

---

प्रेषक: वहिनी (नंदनवन)

मृ., वॉरंटी राहू दे बाजूला. गाडी पाण्यात गेलेली नाही ना, ते आधी पाहा.

माझ्या भावाचं सांगते. २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरच्या लोकांना सांगायला नको. अंबाझरी भरून वाहिला, नाग नदी घरात शिरली, कॉर्पोरेशन कॉलनीत आणि डागा ले-आउटमध्ये गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. भावाने पुढच्या जानेवारीत एका डीलरकडून हॅचबॅक घेतली. चकाचक, आत सुगंधी, वर एक वर्षाची वॉरंटी. एप्रिलमध्ये पॉवर विंडो आपोआप खाली यायला लागल्या, मग एक दिवस गाडी सुरूच होईना. वर्कशॉपमध्ये गालिचा उचलला तर खाली वाळलेला गाळ, कनेक्टर हिरवे पडलेले. वॉरंटीवाल्यांनी लिहून दिलं: पाण्याने झालेलं नुकसान आणि खरेदीपूर्वीचा दोष, दोन्ही वगळलेले. ६२,००० रुपये गेले. भावाची बायको रडली, मी पण रडले, कारण ते पैसे तिच्या बाळंतपणासाठी ठेवलेले होते.

बाबांना सांग, चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, खालच्या टोकाला मातीची रेघ दिसते. स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा बघा. सीटच्या पट्ट्यांचे स्क्रू गंजलेत का ते बघा. धुणारा माणूस तिथे पोचत नाही.

---

प्रेषक: खजिनदार

मंडळी, विषय महत्त्वाचा आहे म्हणून चालू ठेवतोय, पण संक्रांतीच्या वेळी ठरल्याप्रमाणे कोणी इथे डीलरचे नंबर टाकू नयेत. स्वतंत्रपणे पाठवा.

वहिनी, भावाने ग्राहक आयोगात तक्रार केली का? कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. २०१९ च्या कायद्यानंतर ग्राहक जिथे राहतो तिथेही दाखल करता येते.

(भुलाबाईच्या हॉलचे पैसे अजून सात घरांचे बाकी आहेत.)

---

प्रेषक: वहिनी (नंदनवन)

खजिनदार दादा, केली. चालू आहे. हॉलचे मी दिलेत, यादी तपासा.

---

प्रेषक: प्र. (मनीषनगर)

मृ., मी इथेच आहे, परत आल्यापासून शनिवार मोकळाच असतो. सकाळी तुझ्या बाबांना आणि त्यांच्या मिस्त्रीला घेऊन जाऊन आलो. मिस्त्री चांगला माणूस आहे, घाई करत नाही.

पाणी: वहिनींनी सांगितलं ते सगळं पाहिलं. बेल्ट कोरडे आणि स्वच्छ, स्टेपनीखाली फक्त धूळ, फ्यूज बॉक्स ठीक. गाडी पाण्यातली नाही असं मिस्त्री म्हणाला आणि मलाही तसंच वाटलं.

चालवून: पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटका येतो, पण एजीएसला तो थोडा असतोच. छत्रपती चौकाच्या गर्दीत वीस मिनिटं सरकत काढली, मुद्दाम. वास नाही, दिवा लागला नाही. एसी गार आहे, पण आत्ता फेब्रुवारी आहे. ४५ अंशांत तो काय करेल हे आज कळणार नाही. बॅटरी गाडीबरोबर आलेलीच आहे, म्हणजे तिचं वय झालं. नागपूरच्या उन्हात ती एवढी टिकली हेच खूप.

आता कागद. काकांचा प्रश्न बरोबर होता. वॉरंटी मारुतीची नाही, डीलरचीही नाही, तिसऱ्या कंपनीची आहे. डीलर एजंट. मी पुस्तिका मागितली तर आधी चार पानांचं रंगीत पत्रक दिलं. पुस्तिका मिळायला पाऊण तास लागला. उभ्या उभ्या वाचली.

एका दुरुस्तीला कमाल २५,००० आणि दोन वर्षांत मिळून ५०,०००. पहिले ३० दिवस काहीच नाही. एजीएसचा ॲक्च्युएटर यादीत आहे, नावानिशी. एसीचा कॉम्प्रेसर आहे, गॅस आणि पाइप नाहीत. टोचन नाही, म्हणजे रस्त्यात बंद पडली तर उचलून आणायचा खर्च आपला.

आणि खरा अडथळा इथे आहे. अट अशी: गाडीचं सर्व्हिसिंग दर १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा, अधिकृत वर्कशॉपमध्ये झालेलं असलं पाहिजे, आणि त्यात खंड असेल तर दावा नाकारता येईल. "झालेलं", म्हणजे मागचंही. म्हणून तिथूनच अधिकृत वर्कशॉपला गेलो आणि गाडीच्या नंबरवरून इतिहास विचारला. ३१,००० पर्यंत सगळं वेळेवर आहे. त्यानंतर १४ महिने नोंदच नाही. आधीच्या मालकाने बाहेर केलं असेल, किंवा केलंच नसेल.

म्हणजे सतरा हजार भरले त्या दिवशीच त्यांच्याकडे नकार द्यायला कारण तयार आहे.

डीलरला विचारलं. म्हणाला, "काही होत नाही साहेब, आम्ही डिलिव्हरीच्या वेळी सर्व्हिसिंग करून देतो, तिथून मोजतात." मी म्हटलं, हेच कंपनीच्या ई-मेलवरून लिहून द्या. म्हणाला सोमवारी बघू.

तुझे बाबा सगळा वेळ शांत होते. निघताना एवढंच म्हणाले की वॉरंटी घेतली तर दोन वर्षं मिस्त्रीला बॉनेट उघडू देता येणार नाही, आणि ते त्यांना जड जातंय.

प्र.

---

प्रेषक: नी. (लक्ष्मीनगर, सध्या डेट्रॉइटजवळ)

प्र. दादा, मनापासून आभार. १४ महिन्यांची गोष्ट वाचल्यावर माझं मत बदललं. त्या कंपनीने मधला खंड माफ असल्याचं लिहून दिलं तरच घ्या. डीलरचं तोंडी नको, त्याच्या लेटरहेडवरही नको. दावा मंजूर करणारा तो नाही.

काका, तुमचं आधीच बरोबर होतं.

---

प्रेषक: काका (धरमपेठ)

> टोचन नाही

यासाठी वॉरंटी लागतच नाही. गाडीच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स म्हणून जोडता येते, खर्च फार नसतो. मृ.ला जी खरी काळजी आहे, भर उन्हात म्हातारा माणूस रस्त्यावर उभा राहण्याची, ती यातून सुटते. पावसाळ्यासाठी इंजिन प्रोटेक्टही घे. पाणी इंजिनात गेलं अन् कोणी सेल्फ मारला तर साधा विमा हात वर करतो.

---

प्रेषक: ज. (महाल, सध्या सिडनी)

टोचनावरून आठवलं. समृद्धीवर आमचा टायर गेला होता वर्ध्याच्या पुढे. सिमेंटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात हवा नेहमीपेक्षा कमी ठेवावी असं काही लोक सांगतात. ते खरं का?

---

प्रेषक: काका (धरमपेठ)

ज., अजिबात नाही. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, अन् त्यानेच फुटतो. दाराच्या चौकटीवर जो आकडा लिहिला आहे तोच, सकाळी टायर थंड असताना. याबद्दल वेगळं लिही, इथे मृ.चं चालू दे.

---

प्रेषक: मृ. (त्रिमूर्तीनगर, सध्या न्यू जर्सी)

सगळ्यांना,

डीलरने लिहून दिलं नाही. रविवारी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला कंपनी असं देत नसते. मग वॉरंटी घेतली नाही. प्र. दादांनी १४ महिन्यांचा तोच कागद पुढे ठेवून भाव केला. ४ लाख ७६ हजारांत ठरलं, नवीन बॅटरी बसवून आणि अधिकृत वर्कशॉपमध्ये एक पूर्ण सर्व्हिसिंग करून. ते १७,११० मी बाबांच्या खात्यात वेगळे टाकलेत, आणि ते गाडीलाच वापरायचे असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय, कारण ते स्वतःच्या नावचे पैसे नातवंडांवर खर्च करतात. रोडसाइड असिस्टन्स घेतलं. त्याचा नंबर आईने फ्रीजवर लावलाय.

मला वॉरंटी हवी होती ती खरं तर माझ्यासाठी. बाबांकडे मिस्त्री होताच. रात्री फोनवर त्यांच्या आवाजात इतका हलकेपणा होता की मला वाईट वाटलं, आधी त्यांनाच नीट विचारायला हवं होतं. प्र. दादा, तुमचा शनिवार आमच्यावर गेला, हे मी विसरणार नाही. वहिनी, तुमच्या भावाच्या निकालाचं कळवा.

मृ.

---

प्रेषक: काका (धरमपेठ)

मृ., छान झालं. आता एक. गाडी नावावर होण्याची वाट पाहत बसू नको, विमा बाबांच्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे गेला पाहिजे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) बाबांना मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, तेवढा फरक भरावा लागेल. बाबांचा स्वतःचा जुन्या गाडीवरचा बोनस असेल तर त्याचं पत्र जुन्या विमा कंपनीकडून आजच मागव, म्हणजे या गाडीला लावता येईल. आणि आरसीवर आधीचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी अन् फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा काढायचा फॉर्म) डीलरकडून घेतल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नको.

---

प्रेषक: मृ. (त्रिमूर्तीनगर, सध्या न्यू जर्सी)

काका, कर्ज आहे. फॉर्म ३५ मिळालेला नाही. आत्ता फोन करते.