शब्दचर्चा : 'विकेंद्रित', 'वितरित' की 'परस्पर'?

प्रश्न : संगणकासंगणकांत थेट फाइली देण्याघेण्याचे नियम ठरवणाऱ्या बिटटॉरंट, आयपीएफएस यांसारख्या प्रोटोकॉलविषयी मराठीत लिहिताना 'विकेंद्रित' आणि 'वितरित' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांत अर्थभेद मानावा का? शिवाय 'पीअर-टू-पीअर'साठी 'समकक्ष-ते-समकक्ष' याहून सुटसुटीत शब्द कोणता?

उत्तर : अर्थभेद अवश्य मानावा. अभियंते पॉल बॅरन यांनी १९६४ साली रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेसाठी लिहिलेल्या अहवालांत संपर्कजाळ्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत : सगळे धागे एकाच गाठीशी येणारे केंद्रित, अनेक लहान केंद्रे एकमेकांना जोडलेली असतात ते विकेंद्रित, आणि कोणतीच गाठ इतरांहून मोठी नसते ते वितरित. मराठीत 'विकेंद्रीकरण' रुळले ते सत्तेच्या संदर्भात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हा राज्य सरकारचे काही अधिकार जिल्ह्यांकडे गेले. केंद्र नाहीसे झाले नाही, एकाची अनेक झाली. त्यामुळे हा शब्द बॅरन यांच्या मधल्या प्रकाराला चपखल बसतो. ईमेल त्याच प्रकारात मोडते, कारण सर्व्हर अनेक असले तरी वापरणाऱ्याला त्यांपैकी कोणत्या तरी एकाच्या आश्रयाला राहावेच लागते.

'वितरित'ची अडचण निराळी आहे. मराठीत वितरण म्हटले की देणारा एक आणि घेणारे अनेक, असेच चित्र उभे राहते (महावितरण हे नावच पाहावे), आणि येथे तर घेणारा प्रत्येक जण देणाराही असतो. मी 'केंद्रहीन' लिहितो. मात्र २००१ मधल्या मूळ बिटटॉरंटला तो शब्द पूर्णपणे लागू पडत नाही, कारण फाइलचे तुकडे संगणकासंगणकांत थेट फिरत असले तरी ते कोणाकडे आहेत हे ट्रॅकर नावाच्या सर्व्हरलाच विचारावे लागे. ती विचारपूसही सर्व संगणकांत वाटून देणारी कॅडेम्लिया ही रचना २००२ सालची; बिटटॉरंटने तिचा आधार पुढे घेतला.

'पीअर-टू-पीअर'साठी 'परस्पर' हा शब्द सुचवतो. 'पैसे परस्पर बँकेत भरले' या वाक्यात मधला माणूस वगळल्याचा अर्थ आहे, 'परस्पर सहकार्य' यात देवाणघेवाणीचा. प्रोटोकॉलला हे दोन्ही अर्थ हवे आहेत.

आक्षेप : 'भावाने जमीन परस्पर विकली' यातला परस्पर विसरून चालणार नाही. या शब्दाला लबाडीचा वास आहे.

उत्तर : वास आहे, हे मान्य. अनोळखी संगणकाकडून फाइल घेताना तोच संशय रास्तही असतो, आणि त्यावरचा उपाय प्रोटोकॉलमध्येच केलेला आहे. आयपीएफएसमधला पत्ता फाइल कुठे आहे हे सांगत नाही, ती कोणती आहे हे सांगतो. फाइलचे तुकडे करून प्रत्येकाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, बहुधा एसएचए-२५६ पद्धतीने, काढला जातो आणि त्या हॅशांवरून संपूर्ण फाइलचा पत्ता तयार होतो. मजकुरातला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पत्ता बदलतो. तुर्कस्तानने २०१७ मध्ये विकिपीडिया रोखल्यावर तुर्की विकिपीडियाची प्रत आयपीएफएसवर ठेवण्यात आली, तेव्हा पत्ता खात्रीचा असल्यास ती कोणाच्या संगणकावरून आली याची चिंता वाचकाला करावी लागत नव्हती. तेव्हा परस्पर घेतलेला माल येथे घेणाऱ्यालाच पारखता येतो.

जाता जाता आणखी एका शब्दाविषयी. अशा पत्त्याला 'कायमस्वरूपी' म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती सोडावी. पत्ता अपरिवर्तनीय आहे, म्हणजे त्याच पत्त्यावर दुसरा मजकूर येऊ शकत नाही, इतकेच. मजकूर टिकण्यासाठी कोणीतरी तो आपल्या संगणकावर 'पिन' करून ठेवावा लागतो. पिन न केलेले तुकडे साफसफाईत पुसले जाऊ शकतात, आणि शेवटची प्रत गेली की पत्ता अचूक असूनही मागणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. 'पिन करणे'साठी 'टाचून ठेवणे' चालेल.