कोणत्या मानपाड्याला? डोंबिवली की घोडबंदर रोड: लहान मुलं असलेल्यांनी अनुभव लिहा

मानपाडे दोन आहेत हे घर शोधायला लागेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एक डोंबिवली पूर्वेचा, मानपाडा रोडवाला. दुसरा ठाण्याचा, घोडबंदर रोडवर कापूरबावडीच्या पुढे. गेले तीन महिने दर रविवारी आम्ही ह्या नाहीतर त्या मानपाड्याच्या आसपास चपला झिजवतोय.

सध्या ठाण्यातच पाचपाखाडीत भाड्याने राहतो. मुलगी चार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. मी नोकरीला बीकेसीला (वांद्र्याला), नवरा महापेला (नवी मुंबईत). आईबाबा चिपळूणला असतात. वर्षातले दोन-तीन महिने येतील, पण बाग सोडून त्याहून जास्त राहायचे नाहीत आणि मीही आग्रह करणार नाही. म्हणजे रोजचं आमचं आम्हीच.

आम्हाला झेपेल त्या कर्जात डोंबिवलीत स्टेशनपासून चालत जाण्याजोगा जुन्या इमारतीतला टू बीएचके बसतो. तेवढ्यातच घोडबंदरला वन बीएचके, पण खाली बाग, तरणतलाव, गेटवर वॉचमन. नवऱ्याचं मन तिकडे आहे. माझं रोज सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे असतं.

'डोंबिवली म्हणजे संस्कृती' आणि 'ठाणे म्हणजे तलाव' हे कृपया नको. पोराला ताप आला, गाड्या बंद पडल्या, शाळेतून फोन आला, तेव्हा काय केलंत ते लिहा.

*

लेडीज_डबा

गाड्या बंद पडल्या तर, असं विचारलंत म्हणून लिहितेय. २६ जुलै २००५, मंगळवार. मी फोर्टला, नवरा दौऱ्यावर, लेक अडीच वर्षांची, डोंबिवलीच्या टिळकनगरात पाळणाघरात. दुपारनंतर लोकल बंद, मोबाइल लागेना. दादरपर्यंत चालत आले आणि ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी थांबले. रात्री तिच्या लँडलाइनवरून पाळणाघराच्या काकूंना फोन लागला. त्या म्हणाल्या, "जेवली, झोपली. तू आता फोन करू नकोस, तिला जाग येईल."

तिसऱ्या दिवशी घरी पोचले. काकूंच्या गॅलरीत तारेवर लेकीचा फ्रॉक वाळत होता आणि लेक काकूंच्या नातीचा ढगळ झगा घालून मेतकूट-भात खात होती. माझ्याकडे बघितलं आणि परत भाताकडे वळली. मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. दोन रात्रींचे जास्तीचे पैसे काकू घेईनात. शेवटी म्हणाल्या, "दुधाच्या दोन पिशव्या जास्त लागल्या, तेवढे दे."

पाळणाघर माझ्या घरापासून चौथ्या इमारतीत होतं. शेजारीण दोन्ही दिवस जाऊन लेकीला बघून आली होती. मी घर बघताना बेडरूमचा आकार बघितला होता, हे बघितलंच नव्हतं. नशिबाने मिळालं.

*

गायमुखचा_रहिवासी

मी घोडबंदरवाला, कासारवडवलीच्या पुढे. आधी चांगलं सांगतो. आमचा मुलगा पाचव्या वर्षी एकटा खाली खेळायला जायला लागला. गाड्या तळघरात, वर नुसती मोकळी जागा. सहा वाजता तीस-चाळीस पोरं खाली असतात. मागे येऊरचा डोंगर, पावसाळ्यात खिडकीतून धबधबे दिसतात. बायको म्हणते, माहेरी वाड्यात होतं तसं आहे, फक्त लिफ्टवालं.

आता गेटबाहेरचं. तो जन्मला तेव्हापासून रस्त्यात मेट्रोचे पत्रे उभे आहेत, आता पहिलीत आहे. हा रस्ता म्हणजे न्हावाशेवाहून गुजरातेत जाणाऱ्या कंटेनरचा रस्ता. गायमुखच्या घाटात दुरुस्ती निघाली की आमचं वेळापत्रक कोसळतं. शाळेची बस सकाळी ६:३५ ला येते, शाळा ७:२० ची. परतताना सरळ आली तर पाऊण तास, नाहीतर देव जाणे. एकदा दोन तास वीस मिनिटं बसमध्ये होता. आत शू करून बसला होता आणि बसताई त्याच्या शेजारी बसून सगळ्या पोरांना गाणी म्हणायला लावत होत्या, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. त्यानंतर दप्तरात एक चड्डी कायमची ठेवतो.

आणि ठाणे स्टेशन आमच्यापासून दहा-एक किलोमीटर. ते दहा किलोमीटर कोणत्या वारी, किती वाजता, हे बिल्डर सांगत नाही. तुम्ही बीकेसीला जाणार ना? लोकलच्या आधी तुमची ही वेगळी लढाई असेल.

*

मोजून_मापून

घोडबंदर घेताना पाणी विचारा. टँकर महिन्याला किती आणि मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे? तरणतलाव नंतर बघा. आमचा मार्च ते जून रिकामाच असतो.

*

दोन_नंबर_फलाट

दोन मानपाड्यांवरून: आमच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक दुसऱ्या मानपाड्याला गेला होता. डिलिव्हरीवाला फोनवर म्हणत होता, मी गेटवर उभा आहे, तुम्ही दिसत नाही. चला, पुढचे गंभीर अनुभव येऊ द्या.

*

खिडकीची_काच

डोंबिवली घ्या, पण एमआयडीसीपासून लांब. आम्ही निवासी विभागात अकरा वर्षं काढली. झाडं, रुंद रस्ते, बंगले. रविवारी दुपारी बघितलंत तर डोंबिवलीत एवढी सुंदर जागा नाही असंच वाटेल. रात्री दोनला वास यायचा. खिडक्या लावून घ्यायच्या, फटींना ओले पंचे. २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. २०१६ च्या मे महिन्यात तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आमच्या बैठकीच्या खोलीतली काच आतल्या बाजूला आली. धाकटी त्या खिडकीखाली दुपारची झोपायची. त्या दिवशी उकाड्याने आत पंख्याखाली झोपली होती.

तरी आम्ही लगेच हललो नाही, हे कबूल करते. घर स्वतःचं, शाळा जवळ, आणि माणूस सवयीचा. तिला दर थंडीत नेब्युलायझर लावायला लागला तेव्हा कुठे रामनगरात भाड्याने आलो. नेब्युलायझर आता माळ्यावर आहे. हवेमुळे की वय वाढल्यामुळे, डॉक्टरही ठाम सांगत नाहीत. पण २०२४ च्या मे मध्ये परत स्फोट झाला तेव्हा मी आधी देवापुढे दिवा लावला आणि मग जुन्या शेजाऱ्यांना फोन केले.

*

पश्चिमेकडून

सगळे डोंबिवली पूर्वच का बघतात कळत नाही. माणकोलीचा पूल २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून पश्चिमेहून गाडीने ठाणं खूप जवळ आलंय. अर्थात गाडी असेल तर. आणि मोठागावच्या अरुंद रस्त्यातून पुलापर्यंत पोचलात तर.

*

सात_पन्नासची_फास्ट

मी ह्या प्रश्नातलं मूल आहे, म्हणजे होतो. डोंबिवलीत वाढलो, आई-बाबा दोघं मुंबईला. गळ्यात किल्ली. शाळेतून येऊन जोशीकाकूंकडे (नाव बदललंय, काकू त्याच) पोळीचा लाडू, मग नेहरू मैदान. मजा होती, अजिबात खोटं नाही. पण साडेसातनंतर मी गॅलरीत उभा असायचो. रस्त्यावर एकदम माणसं वाढली की समजायचं, गाडी आली. त्या घोळक्यात आईची पर्स शोधायची. नाही दिसली की पुढच्या घोळक्याची वाट. पावसाळ्यात असे पाच-सहा घोळके जायचे.

आता माझी मुलगी तीन वर्षांची आहे आणि मी डोंबिवलीतच घर घेतलंय. बायको मात्र इथल्याच शाळेत शिकवते. दोघांनाही लोकल असती तर घेतलं असतं का? २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ गाडीतून माणसं पडली त्या सकाळी मी मागच्याच गाडीत होतो. आईने मला सात फोन केले. चाळिशीच्या माणसाला.

ताई, तुमच्याकडे लोकलला एकच जण जाणार आहे. दोघांपैकी कोण घरी लवकर पोचेल, ते आधी ठरवा. महापे ते डोंबिवली शिळफाट्यावरून येतात, तिथे कोंडी असतेच, पण पाचला निघालेला माणूस साडेसहा-सातला घरी असतो, आणि लोंबकळत तर येत नाही.

*

सँपल_फ्लॅट

रविवारी घर बघू नका. मंगळवारी बघा, सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी सातला, जमलं तर जुलैत. पोरांना घेऊन, रिक्षाने. एवढंच.

*

पहिल्या पोस्टवाली, तीन आठवड्यांनी

सगळ्यांना खूप धन्यवाद. मंगळवारी दोघांनीही रजा टाकली. धाकट्याला कांगारू बॅगेत घेतलं आणि आधी घोडबंदरला गेलो. कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला सकाळी एक तास दहा मिनिटं लागली. सिग्नलला नवरा मुलीला ट्रकच्या मागचं वाचून दाखवत होता, ती कंटाळली, तरी तो वाचत राहिला. त्याला ते घर फार आवडलं होतं.

संध्याकाळी दादरला जाऊन मुद्दाम सहाच्या सुमाराची फास्ट पकडली, मी एकटीने. डोंबिवलीला उतरले, म्हणजे उतरवले गेले. केसातली क्लिप गेली. नवरा पोरांना घेऊन फडके रोडवर उभा होता. मुलीच्या हातात मक्याचं कणीस होतं आणि तिने विचारलं, "तू भांडून आलीस का?"

विकत काहीच घेत नाहीये. टिळकनगरात अकरा महिन्यांचा करार केलाय, दुसरा मजला, लिफ्ट नाही. पाळणाघर मागच्याच गल्लीत. तिथल्या बाईंनी फी सांगायच्या आधी विचारलं, "गाड्या बंद पडल्या तर तुमच्याआधी कोण येणार? त्यांचा नंबर द्या." माझ्याकडे द्यायला नंबर नव्हता. समोरच्या दाराच्या आजोबांचा दिला, त्यांना विचारून. ओळख तोवर चार मिनिटांची होती.

नवरा अजून मोबाइलवर तरणतलावाचे फोटो बघतो. बघू दे. एक शेवटचं विचारते: टिळकनगरातून सकाळी सातला स्टेशनला शेअर रिक्षा मिळते का?

*

लेडीज_डबा

मिळते, पण रांग असते. चालत जा, दहा-बारा मिनिटं. आणि क्लिप नको, रबर लाव.